हिरव्या ज्योतीचा नियम

आमच्या घरात दिवस पंख्याच्या आवाजानं सुरू व्हायचा. हा पंखा छताचा नव्हे. छताचा पंखा आमच्याकडे फार उशिरा आला. हा भट्टीचा पंखा. चिंचवड स्टेशनापासून थोडं आत, रुळांच्या बाजूला दादांनी पत्र्याची शेड घातली होती आणि तिला पाठ लावून दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. शेड आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे दादांनी पंखा चालू केला की आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायला लागायच्या. आई म्हणायची, "विमे, कपबश्यासुद्धा उठल्या, आता तू ऊठ." मग मी उठायची. चुलीवर चहा उकळत असायचा, भिंतीपलीकडून कोकचा वास यायचा, आणि साडेसहाची पॅसेंजर धडधडत गेली की कपबश्यांचा आवाज तेवढा वेळ गाडीत मिसळून जायचा. आजही कुणाच्या घरी फ्रीज सुरू होताना वर ठेवलेल्या बरण्या थरथरल्या की मला एकदम भूक लागते. माझी नात म्हणते, आजी, हा काहीतरी आजार आहे.

दादा ओतारी. नाव शिवराम, पण सगळे मिस्त्री म्हणायचे. मूळचे वाईकडचे. तिथं एका उस्तादांच्या हाताखाली घंटा, समया, देवाच्या मूर्ती ओतायला शिकले, आणि मग पोटापाण्यासाठी चिंचवडला येऊन गनमेटलचे बुश ओतायला लागले. बुश म्हणजे काय हे सांगायला हवं. कुठल्याही यंत्रात लोखंडी दांडा जिथं फिरतो, तिथं त्याला टेकायला गनमेटलची एक जाड बांगडी लागते. तांबं, थोडं कथील, चिमूटभर जस्त यांची ती बनते. महागाचा दांडा टिकावा म्हणून बांगडी झिजते. म्हणजे झिजणं हे तिचं कामच. पण किती दिवसांत झिजावं याला काही रीतभात असते, आणि आमच्या बुशांनी ती सोडली होती.

तेव्हा पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि लोक येता-जाता त्याच्या चिमणीकडे बघत चालायचे. आकुर्डीला मात्र नुसती शेतं होती. आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे इंद्रायणीकाठचे ऊसवाले. मोशीपासून चाकणपर्यंत गुऱ्हाळं होती, ऊस पिळायचे लोखंडी चरक तेलाच्या इंजिनावर चालायचे, आणि त्या चरकांना दादांचे बुश असायचे. हंगामात आमच्या ओट्यावर काकवीची लोटकी येऊन बसायची. आई ती ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढायची. रहिमानचाचा, म्हणजे आमच्याकडचे साचे करणारे कारागीर, भाकरीला मध्ये खड्डा पाडून त्यात काकवी ओतायचे आणि एक थेंब बाहेर न सांडता खायचे. "साचा असा पाडायचा, बेटी," म्हणायचे. चाचाही वाईचेच. दादा आणि ते एकाच उस्तादांचे शागीर्द. दुपारी शेडमध्ये चौघांची पंगत बसायची. भट्टीच्या कडेच्या गरम राखेत आई रताळी पुरून ठेवायची आणि ती कधी भाजून झाली हे तिला न उकरता कळायचं.

मी मॅट्रिक झाले होते. पुढे काय, हा प्रश्न घरात होता, पण तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. माझं अक्षर चांगलं म्हणून दादांनी मला भट्टीची वही दिली होती. भट्टीत एका वेळी जेवढं वितळतं त्याला आम्ही घाण म्हणायचो. कुठल्या घाणीत तांबं किती, कथील किती, कुणाचे बुश ओतले, हे त्या वहीत मांडायचं. मला ते काम फार आवडायचं. निदान कांदेपोह्यांचा ट्रे हातात धरण्यापेक्षा तरी नक्कीच.

मोशीचे खंडूअण्णा दर हंगामात झिजलेले बुश फडक्यात बांधून आणायचे. उंच, वाळके, डोक्याला मुंडासं. आधी आईसाठी आणलेली काकवी ओट्यावर ठेवायचे, मग फडकं सोडायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. दादांना तेच जास्त लागायचं.

"मिस्त्री, ह्ये बघा. वंगण घालीत न्हाई असं न्हाई. रोज घालतो. तरी दीड म्हैन्यात ह्यो हाल हाय."

दादा बुश हातात फिरवायचे. एक बाजू जाड आणि दुसरी पोह्याच्या पापडासारखी.

"पैलं तुमचं एक बुश तीन हंगाम जायाचं. आता एका हंगामाला दोन जोड लागत्यात."

"तांबं पूर्वीसारखं येत नाही, अण्णा."

"गेल्या सालाला कथील येत न्हाई म्हनला होता."

"तेही येत नाही."

"मग येतंय तरी काय?" असं म्हणून अण्णा चहाची बशी तोंडाला लावायचे.

दादा हसायचे, पण त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. मला वाटतं, कुणी शिवी दिली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

एकदा चाचा असाच एक झिजका बुश परत वितळवण्यासाठी घणानं फोडत होते. तुकडा उडून माझ्या पायाशी आला. मी उचलला. तुटल्या जागी आत बारीक बारीक भोकं होती, मोहरीपेक्षा लहान, पण पुष्कळ. मी चाचांना दाखवलं.

"चाचा, ही भोकं कसली?"

"हवेची."

"हवा आत कुठून आली?"

चाचांनी आधी दादांकडे बघितलं. दादा लांब, पाठमोरे, कोक चाळत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "धातू जास्त तापला की हवा पितो, बेटी. निवताना ती बाहेर यायला बघते. वाट मिळाली नाही की आतच घर करते. मग बुश पोकळ. पोकळ बुश झिजणारच."

"मग जास्त तापवायचा कशाला?"

चाचांनी घण उचलला आणि पुढचा बुश फोडायला घेतला.

उत्तर मला माहीत होतं. आमच्या शेडमध्ये एक नियम होता आणि तो वाईच्या उस्तादांचा होता. मुशीतल्या, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यातल्या, रसावर हिरवी ज्योत दिसायला लागते. ती तीनदा उंच नाचली की मूस उतरवायची, त्याआधी नाही. ज्योत यायची वेळ झाली की दादा घरात यायचे, हातपाय धुवायचे, देवापुढे हात जोडायचे आणि परत जायचे. तेवढा वेळ शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. लहानपणी मला ती ज्योत फार सुंदर वाटायची. अजूनही वाटते. पण तो तुकडा हातात घेतल्यापासून माझं मन त्या भोकांतून हलेना.

मी चाचांच्या मागे लागले. म्हटलं, दादा हात धुवायला जातात तेवढ्यात पळी बुडवून थोडा रस काढा. तो एक नमुना. मग ज्योत नाचल्यावर साचे भरून उरतो त्यातला दुसरा नमुना. एकाच घाणीतले दोन. चाचा दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी दादा घरात गेले आणि चाचांनी माझ्याकडे न बघता पळी बुडवली.

आता सांगताना गंमत वाटते, पण तेव्हा आम्ही दाराकडे एक डोळा ठेवून हे करायचो. आम्ही चोरी करत होतो आणि चोरीचा माल होता लिंबाएवढा गनमेटलचा गोळा. तिसरा नमुना मी नंतर वाढवला. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं दादांना फॉस्फर मिसळलेल्या तांब्याच्या कांड्यांचा डबा नमुना म्हणून दिला होता. डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ओतण्याच्या जरा आधी थोडं टाकून ढवळा, धातू शुद्ध होतो, मजबुती वाढते. दादा अशा गोष्टींना औषध म्हणायचे. "धातू आजारी नाही," म्हणून त्यांनी डबा फळीवर टाकला होता. मी त्यातली पेराएवढी कांडी पळीत टाकली.

झीज मोजायची कशी, हा खरा प्रश्न. दादा मंगळवारी आणि शनिवारी माल आणायला पुण्याला जायचे. त्या दिवशी आमचा लेथ रिकामा असायचा. चाचांनी लेथमध्ये पोलादी दांडा बसवला. फिरत्या दांड्यावर नमुना टेकवायचा, वरून आईच्या पाट्याच्या वरवंट्याचं वजन द्यायचं, आणि मध्ये तेलात कालवलेली बारीक वाळू सोडत राहायची, कारण उसाबरोबर चरकात माती जातेच. किती वेळ घासायचं ते आधी आम्ही रेल्वेवर सोपवलं होतं: दुपारच्या एका पॅसेंजरपासून दुसरीपर्यंत. पण दुसरी गाडी एक दिवस वेळेवर तर एक दिवस पाऊण तास उशिरा, त्यामुळे पहिले चार दिवस फुकट गेले. शेवटी शेजारणीचं गजराचं घड्याळ मागून आणलं. वरवंटा नाहीसा झाल्यामुळे त्या दिवसांत आमच्याकडे वाटणाची आमटी झाली नाही. आईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा शेडमध्ये डोकावली, काय ते समजली आणि परत गेली. कितीतरी आठवडे आम्ही पिठलं खाल्लं.

घासण्याआधी आणि घासल्यानंतर नमुना तोलायचा. त्यासाठी मी चिंचवडगावात सोनारकाकांकडे जायची. त्यांची बायको आणि माझी आई मिळून पापड लाटायच्या, तेवढ्या ओळखीवर.

"सोन्याच्या तराजूत हे काय पितळ आणलंस?"

"पितळ नाही काका, गनमेटल."

"सोनं नाही ना? मग मला सगळं सारखंच," म्हणून त्यांनी पारडं पुसलं आणि गुंजा काढल्या.

पहिल्याच वेळी उत्तर स्पष्ट आलं. हिरव्या ज्योतीनंतरचा नमुना नऊ गुंजा झिजला होता. आधी काढलेला चार. आणि आधी काढून कांडी टाकलेला तीनसुद्धा नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दादांना हे कोण सांगणार, एवढंच डोक्यात आलं. दादा म्हणतील, एकदा झालं म्हणून काय झालं, असा विचार करून मी तेच सहा वेळा केलं. आकडे थोडे इकडेतिकडे व्हायचे, पण क्रम एकदाही बदलला नाही. वहीच्या मागच्या पानांवर मी ते सगळं लिहीत गेले, आणि सांगायचं रोज उद्यावर टाकत गेले.

मग सोनारकाकांनी ते काम केलं. बाजारात दादांना गाठून म्हणाले, "मिस्त्री, तुमची मुलगी मोठी चिकाटीची. आठवड्यातून दोनदा येते तोलायला."

दादा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "विमल, भट्टीची वही आण."

मी आणली. त्यांनी मागची पानं उलटली. दादांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे त्यांना कुणाहीपेक्षा लवकर कळायचे. चाचा दारात येऊन उभे राहिले.

"हे आधी काढलेलं म्हणजे कधी काढलेलं?"

"तुम्ही हात धुवायला यायचात तेव्हा."

त्यांनी वही मिटली. "म्हणजे मी देवापुढे उभा असताना तुम्ही दोघं माझ्या पाठीमागं माझंच माप काढत होतात."

"दादा, आकडे खरे आहेत."

"आकड्यांबद्दल मी काही बोललोय?" मग चाचांकडे वळून म्हणाले, "रहिमान, तुला हे आधीपासून ठाऊक होतं?"

चाचा म्हणाले, "अंदाज होता."

"किती दिवस?"

"दोन हंगाम."

"आणि तू बोलला नाहीस."

"उस्तादांचा शब्द, शिवराम. मी कसा बोलू?"

दादा उठून बाहेर गेले. चाचा मला म्हणाले की ते उद्यापासून येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आले, कारण साचे कोण करणार. तीन दिवस दादा आमच्या दोघांशीही बोलले नाहीत आणि तिन्ही दिवस हिरवी ज्योत तीनदा नाचल्यावरच मूस उतरली. पंगतीत चार माणसं बसून नुसत्या भाकरी मोडण्याचे आवाज. मी रडत रडत आईला म्हटलं, आधी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंच नसतं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ऐकलं नसतं, हे खरं. पण सांगायला हवं होतं, हेही खरं." आणि पुन्हा तांदळात बघायला लागली. आईचा सगळा न्याय असाच असायचा. दोन्ही बाजूंना थोडा थोडा वाढलेला.

चौथ्या दिवशी खंडूअण्णा आले. हातात फडकं होतं, काकवी नव्हती.

"मिस्त्री, जोड गेला. तोडलेला ऊस पडून हाय. परवा दुपारपतुर नवा जोड मिळाला तर बरं. न्हाईतर मी पुण्यावनं तयार घेतो, आन् मग परत येनार न्हाई. राग न्हाई माजा. ऊस थांबत न्हाई."

ते चहा न घेता गेले. चहा न घेता जाणारे खंडूअण्णा आम्ही प्रथमच पाहिले. आणि मोशीचा एक गेला की बाकीची गुऱ्हाळंही जातील हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. दादा ओट्यावर तो पातळ झालेला बुश बोटांनी चाचपत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपबश्या किणकिणल्या तेव्हा मी जागीच होते. थोड्या वेळानं दादा घरात आले. नेहमीपेक्षा खूप आधी. हातपाय धुतले, देवापुढे हात जोडले, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "विमल, चल. कधी उतरवायचं ते तू सांग. आणि त्या कांड्या घे."

वहीत लिहिणं वेगळं आणि भट्टीपाशी उभं राहून सांगणं वेगळं. माझ्याकडे एकच खूण होती, तीही चाचांची: रसात लोखंडी गज बुडवायचा, बाहेर काढल्यावर त्याला धातू चिकटला नाही की रस तयार. मी गज बुडवला. चिकटला. थांबले. परत बुडवला. थोडा चिकटला. दादा शेजारी सांडशी धरून उभे, नजर मुशीवर. हिरवी ज्योत अजून उमटलीही नव्हती. तिसऱ्यांदा गज स्वच्छ बाहेर आला.

"आता," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं पंख्यात तो कुणाला ऐकूच गेला नसेल. पण दादांनी मूस उचलली. त्यांचे हात उचलत होते आणि तोंड नाही म्हणत होतं. तो चेहरा मी कधी विसरले नाही. कांडी टाकली, ढवळलं, चाचांनी मळी बाजूला सारली, आणि चार साचे भरले.

चारातला एक बुश अर्धवट आला. रस पुरेसा गरम नव्हता, साच्याच्या टोकापर्यंत पोचलाच नाही. दादा त्या अर्धवट बुशाकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी साचा जरा ऊन करून घ्यायचा." पुढच्या वेळी, असं म्हणाले. ते ऐकून चाचांनी वाळू झटकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. उरलेले तीन चांगले होते, आणि चरकाला दोनच हवे होते. लेथवर आतून कातताना दादांना हत्यार दोनदा धार लावून घ्यावं लागलं. "जड जातंय," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या आवाजात किंचित खुशी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत जोड मोशीला पोचला. मग खंडूअण्णा आलेच नाहीत. एक महिना गेला, दुसरा सुरू झाला. दादा बेचैन. म्हणायचे, पुण्याचे घेतले असणार, आपल्याला सांगायला संकोचत असतील. शेवटी एका रविवारी त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि आम्ही मोशीला गेलो. गुऱ्हाळाचा वास अर्ध्या कोसावरून येत होता. इंजिन फटफटत होतं, चरक फिरत होता, काहिलीत रस उकळत होता. आम्हाला बघून खंडूअण्णांचा चेहरा उतरला.

"तुमी कशाला आलात? काय बिगडलंय का बुशात?"

"काही नाही. बघायला आलो, टिकलंय का."

"मंग हाय की. बिगडलं असतं तर मीच आलो नसतो का?"

दादांनी इंजिन थांबवायला लावलं आणि चरकाच्या दांड्याला हात लावून हलवून बघितलं. दांडा हलला नाही. मग मला हलवायला सांगितलं. खंडूअण्णांनी आम्हाला उसाच्या चिपाडावर गरम गूळ दिला आणि विचारलं, औंदा तांबं कुठनं आणलं. दादा म्हणाले, "तांबं तेच आहे." अण्णांना काही समजलं नाही आणि दादांनी जास्त सांगितलं नाही. परत येताना इंद्रायणीकाठ मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, "वाईला जायला पाहिजे."

"कशाला?"

"उस्तादांना सांगायला. आपण त्यांचा शब्द मोडला आणि त्यांना ठाऊक नाही, हे बरं दिसत नाही."

मला वाटलं आता तिथं बोलणी खायची. दादांनी तीन नमुने आणि भट्टीची वही फडक्यात बांधली. चाचांनी यायला साफ नकार दिला. म्हणाले, "तुम्ही जाऊन या. ते रागावले की मला कळवा, मग मी दोन वर्षांनी जाईन."

उस्ताद घाटाजवळच्या एका आळीत राहायचे. खूप म्हातारे, डोळ्यांत पांढरं आलेलं, पण पाठ ताठ. दादांनी पाया पडून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पळीची चोरीसुद्धा सांगितली. उस्ताद ऐकत होते आणि नमुन्यांच्या तुटलेल्या कडांवरून अंगठा फिरवत होते. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"पोरी, तुमच्या भट्टीचा भाता कोण मारतं?"

"भाता नाही, आबा. विजेचा पंखा आहे. दोन वर्षं झाली."

"आणि कोळसा?"

"कोक."

उस्ताद हसायला लागले. हसता हसता खोकले, पाणी प्यायले आणि पुन्हा हसले. "शिवराम, अरे, तू लाकडी कोळशावर शिकलास. भाता मारायला दोन माणसं लागायची आणि ती दोघं दमायची. आमचा धातू पुरता तापायचाच नाही, म्हणून मी म्हणायचो, ज्योत तीनदा नाचू दे. तुझा पंखा दमत नाही. त्याला माझा नियम कसा लागू पडेल?"

दादांनी दोन वर्षं तांब्याला आणि कथलाला दोष दिला होता. पंख्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. माझ्याही नाही. मी सहा वेळा तोललं, पण चूक कुठून आली ते विचारलंच नाही. हे उस्तादांनी एका प्रश्नात काढलं, आणि पुढे आयुष्यभर कामात मला त्याचा उपयोग झाला.

"मला कुणी येऊन सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, आधी उतरवा," उस्ताद म्हणाले. "सगळे जण पाया पडून जातात. सांगत कुणी नाही." मग त्यांनी मला जवळ बसवून वहीतले आकडे वाचायला लावले, सगळे, सहाच्या सहा वेळचे. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बुश वाळूत का ओतता? घंटेला सावकाश निवू द्यायचं असतं, तिला आवाज हवा. बुशाला आवाज कशाला? लोखंडी साच्यात ओता. झटकन आवळेल, कण बारीक येईल. साचा मात्र आधी तापवून कोरडा करा, ओल राहिली तर रस अंगावर उडेल." मी तिथंच ते वहीत लिहून घेतलं. पुढे आमचे बुश त्याच पद्धतीनं होऊ लागले, चाकणपर्यंतची गुऱ्हाळं राहिलीच, आणि पिंपरीच्या कारखान्यांची कामंही आली. चार वर्षांनी मी पुण्याला बी.एस्सी.ला गेले तेव्हा प्रयोगशाळेतला तराजू बघून मला सोनारकाका आठवले. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी उस्तादांच्या सुनेनं आम्हाला पुरणपोळी वाढली, आणि दादांनी पाच खाल्ल्या.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर पडवळांची टोपली. तिनं दादांना विचारलं, "लेक का तुमची? काय करती?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भट्टीवर असते. कधी उतरवायचं ते ती बघते."

म्हातारीनं मान डोलावली. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "बरं हाय. उतरवायचं कळलं की कायबी करपत न्हाई. सासरी नाव काढील."

दादांनी तिचा गैरसमज दूर केला नाही. कात्रजचा घाट उतरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं की हसू यायचं.